कॉम्प्युटर स्लो झालाय? नवीन घेण्याआधी तो कशासाठी अडलाय ते बघा

नातेवाईक, सोसायटीतले शेजारी, ओळखीच्यांचे ओळखीचे, सगळे माझ्याकडे एकच तक्रार घेऊन येतात: "स्लो झालाय." दुकानात दाखवलेलं असतं आणि तिथे "काका, आता नवीनच घ्या" हे ऐकूनही झालेलं असतं. यातल्या बहुतेक मशीन्सना नवीन भावंडाची गरज नसते. मी ज्या क्रमाने तपासतो तो क्रम खाली देतोय. आधी फुकटातलं, मग शेकड्यातलं, मग हजारातलं.

लक्षणं

बटण दाबल्यावर डेस्कटॉप दिसायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि दिसल्यावर पहिला क्लिक लागू पडायला आणखी तेवढीच. ब्राउझरची खिडकी फिकी पडते आणि वर "नॉट रिस्पॉन्डिंग" येतं. वर्डमध्ये टाइप केलेली अक्षरं काही वेळ दिसतच नाहीत, मग सगळी एकदम येतात. डिस्कचा दिवा लुकलुकायचं सोडून सलग पेटलेला राहतो. किंवा पंखा मिक्सरसारखा आवाज करतो आणि तरीही काम पुढे सरकत नाही.

यावर आपल्याकडचा सर्वमान्य उपाय म्हणजे डेस्कटॉपवर राइट क्लिक करून रिफ्रेश, आणि तेही सात-आठ वेळा. हे कोणी कुठल्या क्लासमध्ये शिकवलं माहीत नाही, पण पिढ्यानपिढ्या चालू आहे. रिफ्रेशने डेस्कटॉपवरची चिन्हं पुन्हा काढली जातात, बस. ना रॅम (चालू कामाचं सामान ठेवणारी तात्पुरती मेमरी) मोकळी होते, ना प्रोसेसर ताजातवाना होतो. प्रीफेच फोल्डर रिकामा करण्याचंही तसंच. कुठला प्रोग्रॅम उघडताना काय काय लागतं याची विंडोजने ठेवलेली टिपणं त्यात असतात. ती पुसली की पुढच्या वेळी तोच प्रोग्रॅम उलट उशिरा उघडतो.

लक्षण सांगताना "स्लो" एवढंच म्हणू नका. कधी स्लो, ते बघा. सुरू होताना रखडतो आणि नंतर बरा चालतो? मग डिस्क किंवा सुरुवातीला आपोआप उघडणारे प्रोग्रॅम. सुरुवातीला ठीक आणि अर्ध्या-पाऊण तासाने ढेपाळतो? मग उष्णता, नाहीतर रॅम. चार्जर लावल्या-काढल्यावर वेग बदलतो? मग वीज. फक्त वेबसाइट उघडताना रखडतो? मग बहुधा कॉम्प्युटरचा काही संबंधच नाही. आणि मधूनच पूर्ण गोठून आतून टक-टक आवाज येत असेल तर पुढचं काहीही करू नका. थेट शेवटच्या भागात जा.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. प्रोसेसर म्हातारा होऊन स्लो होत नाही. दहा वर्षांपूर्वीची चिप आजही त्याच वेगाने बेरीज करते. मशीन स्लो वाटतं तेव्हा ते कशाची तरी वाट बघत असतं: डिस्कची, रॅममधल्या जागेची, थंड होण्याची, विजेची किंवा इंटरनेटची. कशाची, ते कळेपर्यंत एक रुपयाही खर्च करायचा नाही.

१. कॉम्प्युटर की इंटरनेट?

इंटरनेट बंद करा आणि कॅल्क्युलेटर, नोटपॅड, एखादी जुनी वर्ड फाइल उघडा. फाइल पटापट उघडत असेल तर मशीन निर्दोष आहे. त्याच वाय-फायवर मोबाइलही रखडतो का, तेही बघा.

व्हिडिओ अडकतोय म्हणून नवा लॅपटॉप घेतलेली घरं मी पाहिली आहेत. राउटर मात्र तसाच टीव्हीमागे, लोखंडी कपाटाला चिकटून. बहुतेक राउटर रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी लांब पोचते, पण इमारतीतल्या सगळ्या शेजाऱ्यांचीही तीच असल्याने तिथे गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान असते, पण भिंतींपुढे लवकर हात टेकते. राउटर उघड्यावर, उंचावर ठेवा आणि जवळ बसत असाल तर ५ गिगाहर्ट्झवर जोडून बघा. शिवाय योजनेतले १०० एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून फाइल उतरवताना सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या आतबाहेरच दिसणार. कंपनी यात फसवत नाही, फक्त मोठा दिसणारा आकडा छापते.

२. शटडाउन नव्हे, रीस्टार्ट

"मी तर रोज बंद करतो हो," असं सगळे सांगतात आणि ते खरंही असतं. पण विंडोज ८ पासून "फास्ट स्टार्टअप" नावाची सोय आली. ती चालू असताना शटडाउन केलं की विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची त्या क्षणीची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. म्हणजे एखादा ड्रायव्हर (प्रिंटर, आवाज असे भाग चालवणारा प्रोग्रॅम) काल बिघडला असेल तर आजही तो बिघडलेलाच जागा होतो.

टास्क मॅनेजर उघडा (कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र), परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि खाली "अप टाइम" वाचा. रोज बंद होणाऱ्या मशीनवर तिथे पंधरा-वीस दिवस दिसले की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. रीस्टार्ट दाबल्यावर मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. आठवड्यातून एकदा तेवढं करा. ज्यांना ही सोयच नको असेल त्यांनी कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधली तिची खूण काढून टाकावी. एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) असलेल्या मशीनला तिचा विशेष फायदा होत नाही.

३. टास्क मॅनेजर नीट वाचा

सगळ्या पोस्टमधली एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. मशीन सुरू करा, पाच मिनिटं हात लावू नका, मग टास्क मॅनेजर उघडा. सुरुवातीच्या मिनिटांत अपडेट, अँटिव्हायरस, सर्च इंडेक्स सगळेच धावत असतात. तेव्हाचे आकडे काही सांगत नाहीत.

काहीच काम चालू नसताना सीपीयूचा आकडा दोन-पाच टक्क्यांवर हवा. तो तीस-चाळीसवर अडून असेल तर त्या रकान्यावर क्लिक करा. सगळ्यात खादाड प्रोग्रॅम वर येतो. ओळखीचं नाव असेल तर तो बंद करून बघा. अनोळखी नाव असेल, आणि मशीनवर "क्रॅक" वापरून चालू केलेलं ऑफिस किंवा विंडोज असेल, तर माझा पहिला संशय तिथे. फुकटच्या अ‍ॅक्टिवेटरसोबत तुमच्या मशीनवर चोरून क्रिप्टोची डिजिटल नाणी खोदणारे प्रोग्रॅम येऊ शकतात. तो चालवायला तुम्ही अँटिव्हायरस स्वतःच्या हाताने बंद केलेला असतो, मग तक्रार कोणाकडे करणार?

मेमरी ऐंशी टक्क्यांच्या वर सतत असेल तर रॅम अपुरी पडतेय. डिस्क काहीही न करता शंभर टक्क्यांवर असेल आणि परफॉर्मन्समध्ये त्या डिस्कचा सरासरी प्रतिसाद शेकडो मिलिसेकंदांत दिसत असेल, तर दोषी सापडला. आणि सीपीयूचा "स्पीड" काम चालू असतानाही एक गिगाहर्ट्झच्या खाली अडकलेला दिसला तर उष्णता किंवा चार्जर.

हे चार आकडे कागदावर लिहून ठेवा. पुढे दुकानात जायची वेळ आली तर हाच कागद तुमच्या बाजूने बोलतो.

४. न मागता आलेले पाहुणे

टास्क मॅनेजरमध्येच "स्टार्टअप ॲप्स" आहे. प्रिंटरचा मदतनीस, तीन-चार चॅट ॲप्स, गेमचा लाँचर, कंपनीने लॅपटॉपसोबत दिलेलं "सपोर्ट" नावाचं काहीतरी, हे सगळे तुम्ही बटण दाबताच हजर होतात. जे रोज पहिल्या पाच मिनिटांत लागत नाही ते डिसेबल करा. यात प्रोग्रॅम जात नाही, फक्त बोलावल्याशिवाय यायचा थांबतो. ऑडिओ, टचपॅड आणि सुरक्षेशी संबंधित नावांना हात लावू नका.

अँटिव्हायरसचं बघा. विंडोजमध्ये डिफेंडर आधीपासून असतो आणि घरगुती वापराला तो पुरतो, असं माझं मत आहे. दुसरा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर स्वतः बाजूला होतो. गोंधळ होतो तो दुकानदाराने एक टाकलेला आणि भाच्याने वर दुसरा चढवलेला असतो तेव्हा. दोघेही प्रत्येक फाइल तपासतात. एक ठेवा. लॅपटॉपसोबत आलेला, मुदत संपलेला आणि रोज "तुम्ही धोक्यात आहात" म्हणून ओरडणारा आधी काढा.

आता ब्राउझर. उजव्या कोपऱ्यात "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले" असं लाल पाटीवर येत असेल तर तो बहुतेक वेळा व्हायरस नसतो. कुठल्यातरी साइटवर तुम्ही नोटिफिकेशनला "अलाउ" म्हटलेलं असतं आणि ती साइट आता जाहिराती पाठवते. ब्राउझरच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनची यादी आहे, तिथून अनोळखी नावं उडवा. एक्स्टेन्शनही तसंच तपासा. कूपन शोधणारं, पीडीएफ बदलणारं, हवामान सांगणारं, यातलं तुम्ही शेवटचं कधी वापरलं?

पडदाभर इशारा येऊन खाली फोन नंबर दिसला तर तो नंबर कधीही लावू नका. ब्राउझर टास्क मॅनेजरमधून बंद करा. व्हायरसचा इशारा देणारा खरा अँटिव्हायरस आणि विंडोज, दोघेही तुम्हाला फोन करायला सांगत नाहीत. कोणी "दुरून दुरुस्त करतो" म्हणून मशीनचा ताबा घेतला असेल आणि पैसे गेले असतील तर इंटरनेट तोडा, बँकेला कळवा आणि लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त.

आणि ते "बूस्टर", "क्लीनर", "ड्रायव्हर अपडेटर". माझं मत साधं आहे: मशीन वेगवान करण्यासाठी सतत पार्श्वभूमीवर चालणारा प्रोग्रॅम हा स्वतःच एक जास्तीचा प्रोग्रॅम आहे. ते तुम्हाला रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या) शेकडो "चुका" दाखवतात. त्या नोंदी तिथे पडून राहिल्याने वेगावर जाणवेल असा परिणाम होत नाही, मात्र चुकीची एक नोंद उडाली तर एखादा प्रोग्रॅम उघडायचा थांबतो. रजिस्ट्री क्लीनरना आपला पाठिंबा नाही, असं मायक्रोसॉफ्टनेही लिहून ठेवलेलं आहे. पैसे देऊन घेतलेला असेल तरी काढा.

५. सी ड्राइव्ह किती भरलाय?

सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज. सी भरून लाल झालेला आणि डी रिकामा, हे दृश्य फार नेहमीचं आहे. विंडोजला अपडेट उतरवायला आणि रॅम कमी पडल्यावर तात्पुरतं सामान ठेवायला जागा लागते. एसएसडीचं आणखी वेगळं: तिला नवीन लिहिण्याआधी रिकामे कप्पे तयार ठेवावे लागतात, त्यामुळे ती काठोकाठ भरली की लिहिण्याचा वेग घसरतो. दहा-पंधरा टक्के मोकळे ठेवा. डाउनलोड्स फोल्डर, रिसायकल बिन आणि तात्पुरत्या फाइल्स इथून सुरुवात करा. विंडोज नावाच्या फोल्डरमध्ये शिरून हाताने काहीही उडवू नका.

वनड्राइव्ह चालू असेल तर तुमचा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स तिकडे चढत असतील. फुकटची जागा ५ जीबी आहे. ती भरल्यावर तो सारखी आठवण करत बसतो. काय चढवायचं ते तुम्ही ठरवा, त्याला ठरवू देऊ नका.

६. चार्जर आणि पॉवर मोड

फक्त लॅपटॉपवाल्यांसाठी. मूळ चार्जर बिघडला म्हणून बाजारातून "चालेल तो" आणलेला असेल तर हे नक्की तपासा. बरेच लॅपटॉप चार्जर ओळखतात. ओळख पटली नाही किंवा वॅट कमी पडले की प्रोसेसरला मुद्दाम खालच्या वेगावर बांधून ठेवतात. चार्जरवर लिहिलेले व्होल्ट आणि वॅट लॅपटॉपखालच्या लेबलशी जुळवा: व्होल्ट तेवढेच हवेत, वॅट तेवढे किंवा जास्त. पॉवर मोड "बेस्ट पॉवर एफिशियन्सी"वर अडकलाय का, हेही बघा. ही तपासणी एका मिनिटाची आहे आणि ती न करता मदरबोर्ड बदलण्याचं कोटेशन घेऊन आलेले लोक मला भेटले आहेत.

७. उष्णता आणि धूळ

प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. बिघाड नव्हे, तो त्याचा शहाणपणा आहे. तापमान दाखवणारा एचडब्ल्यू-इन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. भरपूर काम चालू असताना लॅपटॉपने ऐंशी-नव्वद गाठले तर चिंता नाही. नुसता ब्राउझर उघडा असताना पंचाण्णव दिसले तर आत हवा फिरत नाहीये.

गादीवर ठेवून वापरलात तर खालची जाळी बंद होते. पुस्तक किंवा पाट खाली ठेवा. पंखा मशीनला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, हेही लक्षात घ्या. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे खोलीच चाळिशीला टेकलेली असते, तिथे दुपारी मशीन ढेपाळलं तर पुण्यातल्या माणसाने लिहिलेले आकडे तंतोतंत लावू नका.

डेस्कटॉप असेल तर दिवाळीच्या साफसफाईत त्यालाही घ्या. प्लग काढा, बाजूचं झाकण उघडा, ब्लोअर किंवा मऊ ब्रशने धूळ काढा. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. ती भरधाव फिरली की बेअरिंग जातं, शिवाय फिरणारी मोटर उलटी वीज तयार करून बोर्डाकडे पाठवू शकते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. ओलं फडकं तर नाहीच.

प्रोसेसर आणि त्याची उष्णता ओढून घेणारा हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट काही वर्षांनी वाळते. डेस्कटॉपमध्ये ती बदलणं निवांत माणसाला जमतं. लॅपटॉप मात्र मी तुम्हाला उघडायला सांगणार नाही. त्यातल्या चपट्या वायरींच्या खाचा फार नाजूक असतात. हे काम दुकानात द्या, खर्च शेकड्यांत होतो.

८. डिस्कची तब्येत

क्रिस्टल डिस्क इन्फो हा छोटा, फुकट प्रोग्रॅम डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी वाचून दाखवतो. निळं "गुड", पिवळं "कॉशन", लाल "बॅड". मी तीन ओळी बघतो. ०५ क्रमांकाची ओळ म्हणजे खराब झाल्याने बदललेल्या जागा. सी५ म्हणजे वाचता न आल्याने निकाल लागायचा राहिलेल्या जागा. सी७ म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या बोलण्यात झालेल्या चुका.

सी५ शून्याच्या वर असेल तर मशीन का गोठतं ते कळलं. डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि तोवर सगळे ताटकळतात. इथे "वेग वाढवणं" विसरा, आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे घ्या. एकटी सी७ वाढत असेल तर मात्र डिस्कला दोष देऊ नका. डेस्कटॉपमधली साटा केबल (डिस्क बोर्डाला जोडणारी) बदला. शे-दीडशे रुपयांच्या केबलसाठी डिस्क फेकणं मला पटत नाही.

९. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी

टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये डिस्कच्या नावाशेजारी "एचडीडी" लिहिलेलं असेल आणि तीच शंभर टक्क्यांवर असेल, तर वरचे सगळे उपाय म्हणजे मलमपट्टी.

हिशेब करून बघा. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे मारते, म्हणजे एक फेरा ११ मिलिसेकंदांचा. हवी ती जागा समोर यायला सरासरी अर्धा फेरा. त्याआधी वाचणारा हात योग्य वर्तुळावर न्यायला साधारण एका पूर्ण फेऱ्याएवढा किंवा थोडा जास्त वेळ. इकडे-तिकडे विखुरलेल्या छोट्या फाइल्स अशा रीतीने सेकंदाला साठ-सत्तरच वाचून होतात. विंडोज सुरू होताना अशा हजारो फाइल्स मागतं. कचेरीत साहेब रिकामे बसलेत आणि शिपाई रेकॉर्ड रूममध्ये फाइल शोधतोय, अशी प्रोसेसरची गत होते. आता तुम्ही दुप्पट हुशार साहेब आणलात तरी काय उपयोग? एसएसडीत फिरणारं काही नाही, म्हणून तीच कामं ती सेकंदाला हजारोंच्या हिशेबाने उरकते.

विंडोज ७ च्या काळात हार्ड डिस्कवर निभावून जायचं. विंडोज १० आणि ११ मध्ये मागे इतकं काही चालू असतं की ती पुरत नाही. त्यामुळे आठ-दहा वर्षांचा बरा प्रोसेसर असलेला लॅपटॉप एसएसडीने जसा पालटतो तसा कशानेही पालटत नाही. बहुतेक जुन्या लॅपटॉपना अडीच इंची साटा एसएसडी बसते. त्याहून महागडी, वेगवान एनव्हीएमई त्यात बसतच नसेल तर घेऊन काय करणार? क्षमता २५० जीबीच्या आसपास असली तरी घरच्या कामाला चालते, फोटो जुन्या डिस्कवर ठेवता येतात.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारलंत तर अनेक नावं पुढे येतील. पक्कं बिल आणि वॉरंटी असलेलीच घ्या. कमी भावातली, कधी न ऐकलेल्या नावाची १ टीबी दिसली तर हात आखडता घ्या. खोटी क्षमता दाखवणाऱ्या डिस्क बाजारात असतात.

बदलण्याआधी एक गोष्ट विसरू नका: "डिव्हाइस एन्क्रिप्शन" किंवा बिटलॉकर (डिस्कवरच्या माहितीला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का ते सेटिंग्जमध्ये बघा. चालू असेल तर त्याची रिकव्हरी की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती ४८ आकड्यांची की कागदावर उतरवून घ्या. ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही आतलं काही वाचता येणार नाही, आणि तिथे कुठलाही दुकानदार मदत करू शकत नाही.

१०. रॅम

आधी एसएसडी, मग रॅम, हा माझा क्रम आहे. अपवाद ४ जीबीवाल्यांचा: विंडोज आणि ब्राउझर एवढ्यातच ती संपते, मग विंडोज जास्तीचं सामान डिस्कवर ठेवतं आणि डिस्क शंभर टक्क्यांवर जाते. म्हणजे दिसते डिस्क, पण दोष रॅमचा. तिसऱ्या पायरीत मेमरी आणि डिस्क दोन्ही वर असतील तर हाच प्रकार.

टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर "स्लॉट्स यूज्ड" लिहिलेलं असतं. दोनपैकी एक दिसलं तर जागा आहे. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, खाचच वेगळी असते. ८ जीबी घरच्या कामाला चालते, १६ असेल तर विचार करावा लागत नाही. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्याने रॅमचे भाव चढले आहेत, म्हणून जुन्या बंद लॅपटॉपमधली काडी जुळते का ते आधी बघा. ज्या क्रांतीने आपलं जगणं सोपं होणार होतं तिने पहिलं काम रॅम महाग करण्याचं केलं.

स्वस्त लॅपटॉपात रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते आणि डिस्कच्या जागी ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी चिप असते. त्यात बदलण्यासारखं काही नसतं. तसं असेल तर इथेच थांबा, त्यावर खर्च करू नका.

११. मग नवीन कधी?

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी जाहीर झालेली वाढीव सुरक्षा-मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ची आहे आणि तिच्यासाठी नाव नोंदवावं लागतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७ च्या आधीची मशीन्स नियमाने बाहेर. यातली पुष्कळ मशीन्स एसएसडीवर उत्तम चालतात. ती बाद झाली कागदावर.

विंडोज ९५ ला किमान ४ एमबी रॅम लागायची, विंडोज ११ ला किमान ४ जीबी. हजारपटीहून थोडं जास्तच. पत्र टाइप करणारा माणूस मात्र तेवढ्याच वेगाने टाइप करतो. पास्कल भाषेचे जनक निकलाऊस विर्थ यांनी १९९५ मध्येच लिहिलं होतं की हार्डवेअर जितक्या झपाट्याने वेगवान होतं त्याहून झपाट्याने सॉफ्टवेअर मंद होत जातं. म्हणून "एआय पीसी" नावाच्या नव्या पाटीकडे मी जपूनच बघतो. त्यातला एनपीयू (एआयची गणितं करणारा वेगळा भाग) ठरावीक कामांसाठी आहे. तुमची एक्सेलची फाइल त्याने लवकर उघडणार नाही.

इंटरनेट, बँक, मराठी टायपिंग, पत्रव्यवहार एवढंच करणार असाल तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) पेनड्राइव्हवरून, काही न पुसता, चालवून बघता येतं. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक त्यात असतो. पण टॅली, श्रीलिपीत केलेलं डीटीपीचं काम किंवा टेंडरसाठी डिजिटल सहीचा डोंगल वापरत असाल तर त्या वाटेला जाऊ नका, विंडोजच लागेल. अशा कामाच्या मशीनला सुरक्षेचे अपडेट मिळत नसतील तर मीही सांगतो, नवीन घ्या.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

हार्ड डिस्क टक-टक वाजतेय आणि आतला डेटा हवाय: लगेच बंद करा, पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका. वाचणारा हात तबकडीला घासत असेल तर प्रत्येक प्रयत्नात डेटा कमी होतो. फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय कोणी सांगितला तर ऐकू नका. हे काम डेटा रिकव्हरीवाल्यांचं, महाग असतं, आणि आधी घरी किंवा गल्लीत उघडलेली डिस्क त्यांच्याही हाताबाहेर जाते.

लॅपटॉपचा टचपॅड वर आलाय किंवा तळ फुगलाय: बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, बंद करा, दाबू नका, टोचू नका, तसाच घेऊन जा. लिथियमची आग पाण्याच्या तांब्याने विझत नाही.

डेस्कटॉपच्या कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात: अर्थिंग नाही किंवा तुटलंय. कॉम्प्युटरवाल्याला नव्हे, परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा. पॉवर सप्लायचा डबा कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढी वीज उरते.

चहा सांडलाय, जळका वास येतोय, बायोसचा (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमचा) पासवर्ड मागतोय, किंवा वरच्या सगळ्या पायऱ्यांनंतरही मशीन आपोआप बंद होतंय: बोर्डाचं काम आहे. तिथे मल्टिमीटर आणि सोल्डरिंग जाणणारा माणूस लागतो.

दुकानात देताना तिसऱ्या पायरीतला कागद सोबत द्या आणि "फॉरमॅट मारून बघू" हे पहिलं उत्तर आलं तर कशासाठी, ते विचारा. काम सुरू होण्याआधी खर्चाचा आकडा लिहून घ्या. काय बदललं ते बिलावर लिहायला सांगा. आणि बदललेली जुनी डिस्क मागून घ्या. ती तुमची आहे, तिच्यावर तुमचं आधार, पॅन आणि बँकेची पत्रकं आहेत. तब्येत निळी असेल तर यूएसबी केसिंगमध्ये घालून बॅकअपला वापरा, लाल असेल तर तबकडीला ड्रिलने भोक पाडल्याशिवाय ई-कचऱ्यात देऊ नका.